गाय पान्हा चोरत नाही

‘गाय पान्हा चोरते’ हे वाक्य माझ्या भयंकर डोक्यात जातं. ऐकत मात्र लहानपणापासून आलेय. भोर आणि वेल्ह्याच्या पट्ट्यात (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण माझ्या तोंडात वेल्हंच बसलंय) गोठ्यापाशी चार माणसं बोलत उभी राहिली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी हे बोलतंच. अमक्याची गाय चोरटी आहे. तमक्याची म्हैस लबाड आहे, पारडू गेल्यापासून दूध वर ओढून घेते. ऐकणारे माना डोलावतात. जणू काही त्या म्हशीने रात्री उठून कपाटातलं सोनंच लंपास केलंय.

एका शब्दावर एवढं काय चिडायचं, असं तुम्ही म्हणाल. चिडायचं अशासाठी की एकदा चोर म्हटलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं. चोराची समजूत कुणी घालत नाही, चोराकडून माल वसूल करतात. मागचे पाय बांधा, शेपटी पिळा, पाठीत दोन घाला. आणि हल्लीचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सुई टोचा. ऑक्सिटोसिनची सुई. टोचली की एक-दोन मिनिटांत कास सैल पडते आणि बादली भरते. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. आमच्या डोंगरातल्या दोन-तीन जनावरांच्या गोठ्यांत अजून बरंच काही माणसासारखं चालतं. पण ‘एक इंजेक्शन मारा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला आता तिथेही पोचलाय, म्हणून हे लिहायला बसले. आत्या, वहिनी, तुम्ही दोघी हे वाचणार हे मला माहीत आहे. गोठ्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा दसपट कळतं, तेव्हा तो भाग मी तुम्हाला शिकवत नाहीये. वाद दुसऱ्या लोकांशी आहे.

तर आधी पान्हा म्हणजे काय ते बघू.

कास ही दुधाची टाकी आहे आणि सड म्हणजे तिचे नळ, असं आपण शाळेच्या चित्रावरून धरून चालतो. तसं ते नाही. दोन धारांच्या मधल्या वेळात कासेत जे दूध तयार होतं, त्यातलं साधारण २० टक्के सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेलं असतं. उरलेलं ८० टक्के त्याच्याही वर, द्राक्षाच्या घडासारख्या बारीक बारीक पिशव्यांत अडकून असतं. म्हशीचं तर विचारूच नका, तिच्या पोकळीत जेमतेम पाच टक्के. हे वरचं दूध तुम्ही सड कितीही पिळले तरी मनगटाच्या जोरावर खाली येत नाही. भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीवर आलं की आपोआप उघडतात. कासेला तसले दरवाजे नाहीत. ती गच्च भरली, दुखायला लागली, तरी आपोआप रिकामी होत नाही.

ती रिकामी व्हायला लागतो निरोप. वासरू ढुशी देतं किंवा ओळखीचा हात सड चोळतो, तेव्हा सडाच्या कातडीतल्या मज्जातंतूंमधून तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो. मेंदूच्या तळाशी एक छोटीशी ग्रंथी आहे, तिच्यातून ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात सुटतं. ते रक्ताबरोबर कासेत पोचतं आणि त्या द्राक्षांना वेढून बसलेल्या बारीक स्नायूपेशी आवळतं. दूध खाली ढकललं जातं. याला अर्ध्या मिनिटापासून दोनेक मिनिटं लागतात, आणि रक्तातला त्याचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो. म्हणजे गायीने दार उघडलं की धार काढणाऱ्याने त्या मोजक्या मिनिटांत आपलं काम उरकायचं असतं. आमच्या आजीला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. पण गाय पान्हावली की तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. दारात पाहुणा आला तरी उठायची नाही.

आता यातला रक्ताचा भाग. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून सुमारे ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. आठ लिटर देणाऱ्या गायीचं गणित करा. चार हजार लिटर. पाण्याचा छोटा टँकर झाला की हो! बाजारात गाय घेताना जाणती माणसं पोटाखालची दुधाची शीर का चाचपून बघतात ते यावरून कळेल. जाड, नागमोडी शीर म्हणजे कासेतून रक्त भरपूर वाहतंय. (नुसत्या शिरेवरून दूध ठरत नाही, हे खरं. पण बघणाऱ्याचा रोख बरोबर असतो.)

आणि या रक्तावर ताबा कुणाचा? मला यात सगळ्यात नवल वाटलं ते इथे. दूध तयार करणाऱ्या आणि दूध ढकलणाऱ्या पेशींपर्यंत मज्जातंतू पोचतच नाहीत. ते पोचतात कासेच्या रक्तवाहिन्यांपर्यंत आणि सडाच्या स्नायूंपर्यंत. आणि ते सगळे एकाच जातीचे, घाबरल्यावर छाती धडधडवणारे, ‘पळ नाहीतर लढ’ म्हणणारे. आतड्याला, हृदयाला दोन प्रकारच्या मज्जातंतूंचा पुरवठा असतो, एक चेतवणारा आणि एक शांत करणारा. कासेला तो दुसरा नाहीच. सोप्या मराठीत सांगायचं तर मज्जातंतूंच्या हातात कास बंद करायची दोरी आहे, उघडायची वेगळी दोरी नाही. उघडायचं काम रक्तातून येणाऱ्या त्या निरोपाचं. भीतीने दोरी ओढली गेली की रक्तवाहिन्या आकसतात, सडाचं तोंड आवळतं, शिवाय अॅड्रिनॅलिन रक्तात उतरतं ते वेगळंच. मग थोडंफार ऑक्सिटोसिन सुटलं तरी कासेपर्यंत पोचायची वाट अरुंद झालेली असते.

यात गायीची ‘इच्छा’ कुठे आली? तुम्ही स्टेजवर उभं राहिल्यावर तोंडाला कोरड पडते तेव्हा तुम्ही थुंकी चोरता का?

हे कुणी काल-परवा शोधलेलं नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ईली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ साली हे प्रयोग छापले. त्यांनी गायीच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू कापले आणि पाहिलं तर पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच फुटत होता. म्हणजे कासेला शेवटचा हुकूम येतो तो रक्तातून. मग त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फुगवून फोडल्या, दर दहा सेकंदांनी एक, अशी दोन मिनिटं. दूध उतरेना. नुसतं अॅड्रिनॅलिन टोचलं तरी तेच. पुढे १९९० च्या दशकात ब्रुकमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायींना अनोळखी जागी नेऊन धार काढली आणि रक्त तपासलं, तर मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतच नव्हतं. वाट अरुंद होणं तर आहेच, पण परक्या जागी निरोप निघतच नाही. गाय बाजारातून आणल्यावर पहिले चार दिवस ‘फसवलं हो आपल्याला, सात लिटर सांगितलं आणि तीनच देते’ अशी जी रड असते, तिच्यातली निम्मी तरी या एका वाक्यात मिटावी.

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी दादाने चाकणच्या बाजारातून एक पहिलारू गाय आणली, कालवडीसकट. टेम्पोत घालून, कात्रजचा बोगदा पार करून, चेलाडी फाट्यावरून आत. रात्री अकराला घरी पोचली तेव्हा थरथरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड लिटर. संध्याकाळी तेवढंच. तिसऱ्या दिवशी गावातलेच एक ओळखीचे गृहस्थ आले, त्यांचा पुण्याजवळ मोठा गोठा आहे, आणि त्यांनी खिशातून बाटलीच काढली. लेबल नाही, काही नाही. म्हणाले, चोरटी आहे, पहिल्याच वेताला मोडली नाही तर जन्मभर चोरेल. दादा तयार झाला होता. पैसे अडकलेले, हप्ता सुरू झालेला, त्याचंही बरोबर होतं. वहिनी मध्ये आली. म्हणाली, “बुजलीया ती. हितं तिच्या वळखीचं कोण हाय? बुजल्याल्या जनावराला सुई कशाला?”

मग वहिनीने काय केलं? काहीच विशेष नाही. गाय आणि कालवड जवळजवळ बांधली. दोन्ही वेळेला स्वतःच धार काढायला बसली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याच हिरव्या लुगड्यात, कारण रोज नवा वास नको म्हणून. कुत्रं परड्यात बांधलं. पोरांना ओरडायची बंदी. आधी कालवड सोडायची, मग कोमट पाण्याने कास धुवायची, पुढ्यात आंबोण ठेवायचं आणि गप्प बसायचं. पाचव्या दिवशी चार लिटर झालं, दहाव्या दिवशी साडेसहा. ती गाय अजून आहे, दुसऱ्या वेताला आठपर्यंत गेली. वहिनीला ऑक्सिटोसिनचं नाव माझ्याकडूनच कळलं. त्यावर ती एवढंच म्हणाली की एवढ्याशासाठी अमेरिकेत मांजर कशाला छळलं. :)

आता कुणी म्हणेल की हे सगळं दोन गायींच्या घराला परवडतं. माझं म्हणणं उलट आहे. सुई परवडते ती मोठ्या गोठ्याला. दोन गायीवाल्याचं सुईने वाटोळंच होतं. कसं ते सांगते, कारण याचा हिशोब कुणी मांडत नाही.

दूध केंद्रावर दर मिळतो तो फॅट आणि एसएनएफवर. गायीच्या दुधाला आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून भाव ठरतो, त्याखाली गेलं की कापाकापी. आणि धारेत फॅट सुरुवातीला सगळ्यात कमी असतं, शेवटच्या धारांना सगळ्यात जास्त. जी गाय भीतीने अर्धं दूध वर ठेवते ती नेमकं साईचं दूध वर ठेवते. बादलीत जे पडतं ते कमी, आणि जे पडतं ते पातळ. केंद्रावर यंत्र लावतात, आकडा येतो, आणि समोरचा माणूस बाईकडे बघतो. पाणी घातलं का? त्या बघण्यातला अपमान मी एका केंद्रावर स्वतः पाहिलाय. घातलं नव्हतं. आदल्या रात्री गोठ्याशेजारी लग्नाच्या वरातीचे फटाके वाजले होते, बस. मिनेसोटातल्या कागदी पिशव्याच त्या.

शिवाय वर राहिलेलं दूध तिथे सुखाने बसत नाही. कास रोज पूर्ण रिकामी झाली नाही तर आतल्या पेशी दूध करणंच कमी करतात, आणि साचलेल्या दुधात जंतू वाढून दगडी होते. एकदा दगडी झाली की एक सड गेला म्हणून समजा. हे सगळं टळावं म्हणून तर सुई टोचतो, असं सुईवाले म्हणतात. पहिल्या दिवशी ते खरंही असतं. पण याच ब्रुकमायर यांनी २००३ साली दाखवलंय की रोज ऑक्सिटोसिन टोचलेल्या गायींचा, सुई बंद केल्यावर, स्वतःचा पान्हा कमी पडतो. सवय लागते. मग बाटली संपली त्या दिवशी गाय खरोखरच दूध देत नाही, आणि पुन्हा चोर ठरते. शहाजवळच्या मोठ्या गोठ्यात अशी गाय भाकड झाली की विकून दुसरी आणतात. आमच्याकडे गाय विकली की पोराची फी थांबते.

पशुवैद्याने गरजेपुरती, जार अडकला किंवा कासेत दूध तुंबून दगडी व्हायला लागली म्हणून दिलेली सुई वेगळी. तिच्याशी माझं भांडण नाही. ते औषध आहे. भोरहून नीरा ओलांडली की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, विचारायला माणसं आहेत. माझं भांडण आहे ते खिशातल्या बिनलेबलच्या बाटलीशी.

आणि ही वसुली नवी नाही बरं का. ऑक्सिटोसिनची बाटली यायच्या कितीतरी आधी आपल्या देशात ‘फुका’ होता. गायीच्या किंवा म्हशीच्या मागच्या अंगात नळीने हवा फुंकायची. लिहितानाही कसंतरी होतं. पण त्याने दूध का उतरायचं? कारण गर्भमार्ग ताणला गेला की मेंदूला वाटतं वासरू बाहेर येतंय, आणि तेच ऑक्सिटोसिन सुटतं. म्हणजे फुकेवाल्याने नकळत तीच यंत्रणा पकडली होती, फक्त मायेच्या जागी छळ घालून. कलकत्त्याकडच्या गवळ्यांच्या या प्रकाराबद्दल वाचून गांधीजींच्या मनातून दूध उतरलं आणि १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी ते सोडलं. पुढे आजारपणात शेळीचं दूध घेतलं तेही कस्तुरबांनी वाट काढून दिली म्हणून. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात, बाराव्या कलमात, हा फुका नावानिशी गुन्हा आहे, आणि नंतरच्या दुरुस्तीने ‘कोणताही पदार्थ टोचणे’ हेही त्यात आलं. शिक्षा? दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आज एवढ्यात पेंडीचं एक पोतंही धड येत नाही.

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण तिथे माझे अर्धे नातेवाईक बसलेत. शहरातले. त्यांच्याकडून दर दोन महिन्यांनी तोच निरोप फिरून येतो की ऑक्सिटोसिनच्या दुधामुळे मुली लवकर वयात येतात, मुलांना अमुक होतं, तमुक होतं. मला विचाराल तर गायीचं यात सगळ्यात मोठं नुकसान या निरोपांनीच केलंय. का? ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. १९५३ साली द्यु व्हिन्यो यांनी ती प्रयोगशाळेत जोडून दाखवली आणि १९५५ साली त्यांना नोबेल मिळालं. अशी साखळी पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनांसारखी पचून तुटते. तोंडावाटे घेऊन त्याचा उपयोग होत असता तर बाळंतिणीला सुई कशाला टोचली असती, गोळीच दिली असती ना? सुईचा त्रास होतो तो गायीला आणि तिच्या वासराला. पण ‘गायीला त्रास होतो’ हे वाक्य कुणी पुढे पाठवत नाही. ‘तुमच्या मुलीला धोका आहे’ हे पाठवतात.

आणि या घबराटीची किंमत कुणी मोजली असती ते ऐका. केंद्र सरकारने २७ एप्रिल २०१८ ला अधिसूचना काढली की देशात वापरायचं ऑक्सिटोसिन खाजगी कंपन्यांनी बनवायचं नाही, फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीने बनवायचं. आयातही बंद झाली. कारण काय, तर गोठ्यातला गैरवापर. आता बाळंतपणानंतर बाईला रक्तस्राव सुरू झाला तर डॉक्टर सगळ्यात आधी हात घालतात ते याच औषधाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. पावसाळ्यात वेल्ह्याच्या एखाद्या डोंगरातल्या वाडीवरून बाळंतीण खाली आणायला किती वेळ लागतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी विचार करावा. खालच्या दवाखान्यात शीतपेटीत ती एक कुपी असणं आणि नसणं यात काय अंतर आहे? अख्ख्या देशाला एकच कारखाना, तो बंद पडला की संपलं. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ ला ती अधिसूचना रद्द केली, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे गोठ्यातल्या चोरबाटल्या पकडायला माणसं नाहीत म्हणून बाळंतिणीचं औषध आवळायचं. कास आवळणाऱ्या भीतीसारखीच ही पण एक भीती. दोरी ओढली, रक्त थांबलं, आणि ज्याला गरज त्याच्यापर्यंत निरोप पोचेना.

असो. गाय, वासरू आणि आपला भक्तिभाव यावरही दोन शब्द बोलायचेच आहेत, राग आला तरी चालेल. वसुबारसेला आपण गायीची पूजा करतो ती सवत्स. एकटी गाय चालत नाही, वासरू लागतं. काही घरांत त्या दिवशी गायीचं दूध-तूप खात नाहीत, ते वासराचं म्हणून. ज्यांनी ही रीत पाडली त्यांना पान्हा कळला होता. वर्षातले उरलेले दिवस मात्र काय? संकरित गायीला गोऱ्हा झाला की घरात सुतकासारखं तोंड. शेतात ट्रॅक्टर, बैलाचं काम उरलं नाही, आणि २०१५ पासून गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू आहे, म्हणजे विकायचाही मार्ग नाही. तो कायदा बरोबर की चूक यावर इथे भांडायचं नाहीये. घडतं काय ते सांगते. गोऱ्ह्याला चीकसुद्धा धड पाजत नाहीत आणि तो पंधरा-वीस दिवसांत ‘आपोआप’ जातो. मग गाय हंबरते, आटते, आणि आपण म्हणतो बघा, चोरायला लागली.

महाराष्ट्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं. छान झालं. पण गंमत बघा, वासराशिवाय पान्हावत नाही ती प्रामुख्याने देशी गायच. होल्स्टीनच्या पिढ्यान्‌पिढ्या वासराविना आणि यंत्राखाली दूध देणाऱ्या निवडत आणल्यात. देशी गायीची आणि म्हशीची तशी निवड झालेली नाही, म्हणून तिला अजून वासरू लागतं, ओळखीची बाई लागते. नेमका तोच तिचा दोष म्हणून बाजारात मोजला जातो. मातेचा किताब द्यायचा आणि मातृत्वालाच चोरी म्हणायचं, हे मला तरी जमत नाही.

‘वासरू मेलं तर काय करायचं मग?’ हा प्रश्न योग्य आहे. जुनी माणसं वासराच्या कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवायची. मला ते बघवायचं नाही, पण त्यात निदान एवढी समज होती की कुलूप मेंदूत आहे. सुई न टोचताही करण्यासारखं पुष्कळ आहे. धार काढणारं माणूस बदलू नका. वेळ बदलू नका. कास धुवून चांगलं मिनिटभर चोळा, म्हशीला त्याहून जास्त. आंबोण धारेच्या वेळीच द्या, म्हणजे त्या घमेल्याच्या आवाजालाच ती पान्हवायला शिकते. शिकतात हो, जनावरं फार पटकन शिकतात. आठ-पंधरा दिवस दूध कमी येईल. तेवढा दम धरायचा.

आणि दम धरायचा म्हटलं की खरी अडचण पुढे येते. आमच्या खोऱ्यात दुधाची गाडी सकाळी सहाला फाट्यावर येते आणि पाच मिनिटांत निघून जाते. पावसाळ्यात अंधार, चिखल, गाव फाट्यापासून आत. पुरुष माणसं बरीचशी पुण्या-मुंबईला, म्हणजे चूल, पोरं, गोठा सगळं एकाच बाईवर. साडेपाचला धार संपलीच पाहिजे. अशा घाईत ती बाई म्हशीला कोणत्या तोंडाने म्हणणार की सावकाश होऊ दे? तिची घाई तिच्या हातातून सडात उतरते. दरवर्षी दूध संकलनाच्या बैठका होतात, त्यात अनुदान, दर, फॅट, यंत्रं सगळं येतं. गाडीची वेळ वीस मिनिटं पुढे न्या, हे कुणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. वहिनीने गेल्या महिन्यात मागितलं. केंद्रावर हसले. पण आता फाट्यावरच्या सात जणींनी मिळून कागद दिलाय, सह्या करून, आणि त्यात एक ओळ मी घातलीय की पाच मिनिटांत पान्हा फुटत नाही, आणि फॅट कमी लागलं तर आधी गाडीची वेळ तपासावी.